एक नंबरचा खण

“आत्ता हुता बगा. हितंच हुता, एक नंबरला.”

मी मागच्या दाराकडून वळसा घालून पुढे आले, तेव्हा अंजना सुतार गुडघ्यांवर बसून चपलांच्या मांडणीखाली हात घालत होती. समोर निवृत्त न्यायाधीश गुप्तेसाहेब उभे होते. आमच्या संगीत महोत्सवाचे त्या वर्षीचे प्रमुख पाहुणे. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, गळ्यात आम्हीच घातलेला हार, आणि पाय अनवाणी. हातात एक नंबरचा पत्र्याचा बिल्ला. शेजारी आमचे अध्यक्ष भाऊसाहेब इनामदार, कपाळावर आठ्या घालून. मागे पन्नाससाठ माणसं आपापले बिल्ले धरून खोळंबली होती, आणि फुकटचा तमाशा बघायला मिळतोय म्हणून मुळीच कंटाळली नव्हती.

“राहू द्या हो,” गुप्तेसाहेब म्हणाले. “गाडी दारात आहे. घरी दुसऱ्या आहेत.”

“असं कसं राहू द्या?” भाऊसाहेबांचा आवाज चढला. “सभेची काही अब्रू आहे की नाही? अहो बाई, दोनशे चाळीस जोड सांभाळताय आणि नेमका पाहुण्यांचा जातो?”

अंजना उठली. पदराला धूळ लागली होती, कोपराला जाळी. तिने दुसऱ्या खणात बघितलं, तिसऱ्या खणात बघितलं, मग पुन्हा पहिल्या खणात हात घालून आतली फळी चाचपली.

“मी कुटं गेले न्हाई साहेब,” ती म्हणाली. एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. “हितंच हुते.”

“मग चपलांना काय पाय फुटले?”

मागची माणसं हसली. भाऊसाहेब माझ्याकडे वळले. “आगटेबाई, उद्या सकाळी ह्याच बाई स्टेजवर बसणार आहेत ना?”

मी खांद्यावरची शबनम पिशवी सावरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “अंजना, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

ह्या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली.

मी कराडच्या एका मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. गावात मला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. कृष्णाकाठ संगीत सभेचे स्वयंसेवक माझ्या ताब्यात आले, तेव्हा त्यांची अवस्था अगदी केविलवाणी होती. बिल्ला लावून मिरवायला चाळीस जण यायचे आणि सतरंज्या घालायची वेळ आली की चार उरायचे. मी शाळेसारखं मस्टर घातलं. येईल त्याला घ्यायचं, कुणाला परत पाठवायचं नाही. एकाला एकच काम, आणि ते नीट जमलं की बदलायचं नाही. शाबासकी चारचौघांत, कानउघाडणी कोपऱ्यात. आणि सगळ्यांत मोठी माझी युक्ती म्हणजे मानाचा तानपुरा.

महोत्सव तीन दिवसांचा. रविवारी सकाळची मैफल त्यातली सगळ्यांत मानाची. गायकाच्या मागे दोन तानपुरे असतात. एक आमच्या काणेबुवांच्या शिष्याकडे. दुसरा, सलग पाच वर्षं एकही खाडा न करता काम केलेल्या स्वयंसेवकाकडे. तयारी काणेबुवा सहा महिने आधीपासून करून घेत. बस्स. तानपुरा छेडायला मिळणार म्हणून लोक सतरंज्या झाडत, पाणी वाटत, तापातसुद्धा हजर राहत. सांगलीहून, साताऱ्याहून मंडळं मला विचारायला येत, बाई, तुम्हाला एवढी माणसं मिळतात कुठून? मी हसायचे. मला स्वतःचं फार कौतुक होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

अंजना चार घरी पोळ्या करायची, त्यातलं एक घर माझं. एकदा कणीक मळता मळता म्हणाली, “बाई, मला बी काम द्या की सभेत.” चपलांपाशी उभं राहायला कुणी तयार नसायचं, म्हणून ते दिलं. तिचा नवरा महादेव सुतारकाम करायचा. त्याने आपणहोऊन मांडणी करून दिली. दोनशे चाळीस खण, प्रत्येकावर तेलरंगात नंबर. अंजना प्रत्येक जोड फडक्याने पुसून खणात ठेवायची, त्याच नंबरचा एक बिल्ला जोडाला दोऱ्याने बांधायची, दुसरा माणसाच्या हातात द्यायची. पाच वर्षांत एक जोड इकडचा तिकडे झाला नाही. काम इतकं नीट जमलं की मी ते बदललंच नाही.

गाणं ती बाहेरून ऐकायची. दार बंद असलं तरी वरच्या झरोक्यातून आवाज यायचा. रागांची नावं तिला ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पोळ्या लाटताना ‘काल दिवेलागणीला गायले ते’ म्हणून गुणगुणायची आणि सूर चुकायचा नाही. काणेबुवा तोंडाने फटकळ माणूस, कुणाचं कौतुक म्हणून करायचे नाहीत. पाचव्या वर्षी तिची तयारी सुरू झाली तेव्हा महिन्याभरातच मला म्हणाले, “बाई, माझ्या सगळ्या शिष्यांत ह्या पोळीवालीचा कान पक्का आहे. मला लाज वाटायला लागलीय.” सभेच्या माळ्यावर एक खुंटी मोडलेला तानपुरा पडला होता. महादेवने तो घरी नेऊन दुरुस्त केला. त्याच्यावर ती रोज पहाटे बसायची. पोळ्यांनी बोटं भाजायची म्हणून उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधून लाटायची. माझ्याच ओट्यापाशी उभी राहून लाटायची, मी रोज बघत होते.

महोत्सवाच्या तीन दिवस आधी भाऊसाहेबांनी मला बोलावलं.

“आमची केतकी,” ते म्हणाले. केतकी म्हणजे त्यांची सून, पुण्याची. “तिने गाण्याच्या दोन परीक्षा दिल्यात. रविवारी फोटो काढायला माणूस येतोय. म्हटलं, तिला बसवू मागे.”

“भाऊसाहेब, यंदा अंजना सुतारचा नंबर आहे. नियम आहे तो.”

“नियम कुणी केला?”

“मीच.”

“मग झालं तर. बघा काहीतरी.” त्यांनी पानाचा डबा माझ्यापुढे सरकवला. “तुमच्या कार्यवाहपदाचंही यंदाच ठरवायचंय. बाईमाणूस कार्यवाह होणार, म्हणजे मला चार जणांशी भांडावं लागणार. मी भांडेन, पण कुणासाठी भांडायचं ते मला कळायला हवं.”

मी ‘बघते’ म्हटलं. अंजनाला नाही म्हणायला मला कारण हवं होतं आणि कारण सापडत नव्हतं. खाडा नाही, चूक नाही, तोंड वर करून कधी बोलणं नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत मी कारणच शोधत होते, आणि शनिवारी संध्याकाळी गुप्तेसाहेबांचा जोड नाहीसा झाला.

गर्दी पांगल्यावर ऑफिसात पाच मिनिटांची कमिटी बसली. काणेबुवा म्हणाले, “चपलेचा आणि तानपुऱ्याचा काय संबंध?” भाऊसाहेब म्हणाले, “शिस्तीचा संबंध आहे. बाई, तुम्ही सांगा.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “नियम सगळ्यांना सारखा.” काणेबुवा टोपी घालून निघून गेले.

बाहेर अंजना अजून थांबली होती. सगळे खण रिकामे झाले होते. ती एकेक फळी पुसत होती.

“बाई, उद्या येऊ नव्हं मी? बसायला?”

“साडेसहाला ये.”

“म्हंजे बसायचं हाय ना?”

“ये म्हटलं ना.”

तिच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. ती माझ्या पाया पडली. तेव्हाच तिला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर रविवारी ती आलीच नसती, आणि ऐन गर्दीच्या मैफलीला चपलांपाशी मी कुणाला उभं करणार होते?

सकाळी सव्वासहालाच ती आली. हिरवं इरकल, डोक्यात अबोलीचा गजरा, उजव्या हाताची नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. बोटांवरची चिंधी सोडली होती. तिच्याबरोबर इस्त्रीचा शर्ट घातलेला महादेव, आणि रेठऱ्याहून मुद्दाम आलेली तिची म्हातारी आई. दोघांना तिने पहिल्या रांगेत बसवलं. पाच वर्षांत तिचं माणूस पहिल्यांदाच हॉलच्या आत आलं होतं. मग ती स्टेजच्या पायरीपाशी आली. तिथे मी उभी होते.

“अंजना, चपलांपाशी कुणी नाही. लोक यायला लागलेत.”

ती हसली. तिला वाटलं, बाई विसरल्या. “आज मी हिकडं हाय नव्हं बाई.”

“कालच्या प्रकारानंतर कमिटीने निर्णय घेतलाय. केतकीवहिनी बसतील.”

स्टेजवर केतकी पैठणी नीट करत तानपुऱ्याशी बसलेली होतीच. अंजनाने तिच्याकडे बघितलं, मग पहिल्या रांगेकडे. तिची आई लांबून हात हलवत होती.

“काल तुमी ये म्हनलासा.”

“कामाला ये म्हटलं.”

“बाई, माजी माणसं बसलीत समोर.”

“बसू देत की. गाणं ऐकतील.”

ती रडेल असं मला वाटलं होतं आणि रडली असती तर बरं झालं असतं, कारण रडणाऱ्या मुलींना कसं गप्प करायचं ते मला तीस वर्षं येत होतं. ती वळली आणि बाहेर जाऊन मांडणीमागे उभी राहिली. येणारे लोक इरकल नेसलेल्या, गजरा माळलेल्या बाईच्या हातात चपला देत होते आणि ती पुसून खणात ठेवत होती. एकाने विचारलंसुद्धा, “काय, घरात लग्नकार्य आहे वाटतं?”

दारं बंद झाली. धारवाडचे बुवा गायला बसले. मी देखरेखीला बाहेर होते. दहा मिनिटं झाली असतील, अंजना माझ्याजवळ आली.

“बाई, डाव्या अंगाचा तानपुरा उतरलाय. पंचम खाली आलाय. बुवांना तरास हुईल.”

“तू चपला बघ.”

“आत जाऊन नुसतं सांगा तरी कुणाला. मी न्हाई जात.”

“चपला बघ म्हटलं ना!”

त्याच क्षणी आत गाणं थांबलं. बुवा काहीतरी तिरसट बोलले, लोक हसले, आणि कुणीतरी तानपुरा लावत असल्याचा आवाज झरोक्यातून आला. अंजना डोळे मिटून ऐकत होती. सूर बरोबर लागला तेव्हा तिची मान आपसूक हलली. मला तिचा इतका राग आला की मी तिथून उठून गेले.

मैफल सुटल्यावर महादेव आपला बिल्ला घेऊन बायकोपुढे उभा राहिला. तिने जोड काढून दिला. त्याने तो खाली बघत पायात सरकवला. म्हातारी मात्र विचारत होती, “आगं, तू कवा बसलीस? मला दिसलीच न्हाईस.”

दुपारी मी अंजनाला घेऊन गुप्तेसाहेबांच्या बंगल्यावर माफी मागायला गेले. तिने बाजारातून नवा कोल्हापुरी जोड आणला होता. कुठून आणला, कसा आणला, मी विचारलं नाही. गुप्तेसाहेब फार ओशाळले. “अहो, जुनाच होता तो. टाचेला लागतही होता,” म्हणाले. अंजनाने वाकून नवा जोड त्यांच्या पायाशी ठेवला. मी शेजारी उभी राहून म्हटलं, “आमच्या सभेत चूक झाली तर ती भरून द्यायची पद्धत आहे.” भाऊसाहेबांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. त्याच महिन्यात मी कार्यवाह झाले.

पुढच्या वर्षी अंजना येणार नाही अशी माझी खात्री होती. ती आली. मी सांगितलं, “खाडा पडल्यासारखंच धरायचं. पाच वर्षं पहिल्यापासून मोजायची.” ती म्हणाली, “बरं.” आणि मांडणीवरची धूळ झटकायला लागली. पोळ्यांनाही यायची, पण गुणगुणणं थांबलं होतं. चिंधीही बांधत नसे. नव्या स्वयंसेवकांना शिकवताना मी तिचं उदाहरण द्यायचे. निष्ठा बघायची तर ह्या बाईची बघा, असं तिला उभी करून सांगायचे. लोक टाळ्या वाजवायचे आणि ती लाजायची.

अशी आणखी पाच वर्षं गेली. मधल्या काळात भाऊसाहेब वारले, गुप्तेसाहेब वारले. केतकीने गाणं सोडून कपड्यांचं दुकान काढलं. मानकऱ्यांची यादी आली, त्यात पहिलं नाव अंजना सुतार. मला मनापासून आनंद झाला, हेही खरं आहे. आता अडवणारं कुणी नव्हतं. शुक्रवारी दुपारी, हॉल अजून रिकामा असताना, मी स्वतः तिला सांगायला गेले.

“अंजना, रविवारी तू बसायचंस. मानाचा तानपुरा तुझा.”

ती बिल्ल्यांना दोरे ओवत होती. “नको बाई.”

“अजून राग आहे का?”

“राग कसला? मला बसवणारच न्हाई आता. घरी तानपुरा घेतला की ते साहेब दिसत्यात म्होरं, अनवाणी. हात थांबतोय. चार वर्षं झाली, मालकांनी त्याला गवसणी घालून माळ्यावर ठिवलाय.”

“एका जोडाचं काय एवढं घेऊन बसलीस!”

तिने आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “बाई, एक सांगू का? रागवू नगा. त्या दिशी मैफल सुटायच्या आदी तुमी आलात आन् मला म्हणालात, आता गर्दी हुईल, जा, च्या पिऊन ये, मी हाय हितं. मी गेले. मी च्या घिऊन येताना तुमी मागल्या अंगाला चालला हुता. तेवढ्यातच गेली ती चप्पल.”

मी ढिगातला एक बिल्ला उचलला आणि परत ठेवला.

“मी कुणाला सांगितलं न्हाई. मालकांस्नी बी न्हाई. साहेबांम्होरं ‘मी कुटं गेले न्हाई’ म्हणून खोटं बोलले. तुमचं नाव आलं असतं ओ. एवढ्या मोठ्या बाई तुमी, माज्यासाठनं चपला राखत हुभ्या ऱ्हायला, आन् तुमच्यावरच बोल? पर चूक माजीच. जागा सोडायची न्हाई, हे तुमीच शिकवलंवतं. मी सोडली.”

ती पुन्हा दोरा ओवायला लागली.

गुप्तेसाहेबांची गाडी मागच्या दाराशी लावली होती. त्यांना गर्दीतून यायला नको म्हणून त्यांच्या चपला मागे नेऊन ठेवाव्यात, हे माझंच डोकं. अंजनाला मी चहाला पाठवलं आणि एक नंबरच्या खणातून जोड काढला. मुख्याध्यापिका पुरुषमाणसाच्या चपला हातात घेऊन चाललीय हे कुणी बघू नये म्हणून तो कार्यक्रमपत्रिकेत गुंडाळून शबनममध्ये टाकला. मागच्या दाराशी जाऊन वाट बघत बसले. गुप्तेसाहेब साधे गृहस्थ, ते चारचौघांसारखे बिल्ला घेऊन पुढच्या दाराला गेले. आरडाओरडा ऐकून मी वळसा घालून आले, तेव्हा अंजना मांडणीखाली हात घालत होती आणि जोड माझ्या खांद्याला लटकत होता. तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर.

आधी मला फक्त लाज वाटली. पन्नाससाठ माणसांसमोर पिशवीतून चपला कशा काढायच्या? काहीतरी थाप मारून काढणारही होते. तेवढ्यात भाऊसाहेब म्हणाले, “उद्या ह्याच बाई स्टेजवर बसणार आहेत ना?” आणि चार दिवस शोधत होते ते कारण मला सापडलं. मी पिशवी सावरली. तो जोड पुढे शाळेत नकाशांच्या कपाटात, गुंडाळ्यांच्या मागे राहिला. निवृत्त झाले त्या दिवशी नदीवर नेऊन टाकला. त्याला बांधलेला बिल्ला तेवढा सोडवून ठेवला. का ठेवला, सांगता येत नाही.

त्या शुक्रवारी अंजना माझ्यासमोर होती, हॉल रिकामा होता, आणि माझ्याकडून काही काढून घेऊ शकेल असं कुणी जिवंत उरलं नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर तिचा हात मोकळा झाला असता, ती रविवारी बसली असती. हे मला तिथे उभ्या उभ्या स्वच्छ दिसत होतं. मग वाटलं, ही चार घरी पोळ्या करते. चार घरी बोलेल. मार्चमध्ये माझा सत्कार ठरला होता.

“सांगितलं नाहीस ते बरं केलंस,” मी म्हटलं. “आता ह्यापुढेही कुणाजवळ बोलू नकोस.”

“न्हाई बोलत,” ती म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसलं.

मानाचा तानपुरा मी यादीतल्या दुसऱ्या नावाला दिला.

आत जायचं म्हणून मी चपला काढल्या. अंजनाने त्या फडक्याने पुसल्या, बिल्ला बांधला आणि दोन नंबरच्या खणात ठेवल्या. एक नंबरचा खण गेली सहा वर्षं ती रिकामाच ठेवत होती. त्यात धूळ मात्र नव्हती, तोही रोज पुसलेला असायचा.

कार्यक्रम सुटल्यावर मी बिल्ला फळीवर ठेवला. तिने माझ्या चपला काढल्या, वाकून माझ्या पायांशी ठेवल्या, आणि मला वळावं लागू नये म्हणून त्यांची तोंडं फिरवून ठेवली.